बॉम्ब कुणी ठेवला? : 'टच ऑफ ईव्हिल'च्या पहिल्या दृश्याविषयी

एका अमेरिकन गुन्हेपटाच्या पहिल्या तीन मिनिटांवर या पानांत लेख कशासाठी, असे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आधी दिले पाहिजे.

आपल्याकडील चित्रपटचर्चा बहुधा कथानकापाशी थांबते. पडद्यावर दलित माणूस आला की नाही, आला तर कोणत्या रूपात आला, त्याचा शेवट काय केला, हे आपण विचारतो. ते विचारलेच पाहिजे. परंतु कॅमेरा कुठे ठेवला, दृश्य कुठे तोडले, प्रेक्षकाला काय आधी सांगितले आणि काय दडवले, ही चर्चा 'तंत्राची' म्हणून आपण इतरांवर सोपवून मोकळे होतो. साहित्याच्या क्षेत्रात आपण ही चूक केली नाही. तेथे भाषेचा आणि रूपाचा प्रश्न आपण प्रस्थापित समीक्षेच्या हातून काढून घेतला. रससिद्धांतातील साधारणीकरण हे कुणाचे साधारणीकरण आहे, असे दलित समीक्षेने विचारले. सहृदय म्हणून ज्याला गृहीत धरले जाते तो वाचक गावाच्या कोणत्या अंगाला राहतो, असेही विचारले. चित्रपटातील 'उत्कंठा' किंवा 'तणाव' या गोष्टीला मात्र आपण अजून हा प्रश्न विचारलेला नाही. भीती सर्वांना सारखीच वाटते, छातीतील धडधडीला जात नसते, असे आपण धरून चालतो.

माझे म्हणणे वेगळे आहे. श्वास रोखला जातो तो शरीरात, हे खरे; पण कुणासाठी श्वास रोखायचा हे शरीर ठरवीत नाही. ते कॅमेरा ठरवतो. हे कसे घडते ते पाहायचे तर ज्या दृश्याची कारागिरी जगभर वाखाणली गेली असेच दृश्य घ्यावे. म्हणून ऑर्सन वेल्स या दिग्दर्शकाच्या 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) या चित्रपटाचे आरंभीचे दृश्य मी निवडले आहे.

प्रथम दृश्य काय आहे ते क्रमाने सांगतो. चित्रपट कृष्णधवल आहे. मेक्सिको आणि अमेरिका यांच्या सीमेवरचे लॉस रोब्लेस हे कल्पित गाव, रात्रीची वेळ. पडद्यावर पहिल्यांदा दिसतात ते दोन हात. त्या हातांत डायनामाइटच्या कांड्या आणि त्यांना जोडलेले वेळेचे यंत्र आहे. बोटे काटा फिरवून वेळ लावतात. दुरून एका बाईचे हसणे ऐकू येते. हातांचा मालक दचकतो, कॅमेरा झटक्याने वळतो आणि कमानींच्या ओळीपलीकडून येणारे एक जोडपे दिसते. हा माणूस भिंतीच्या कडेने पळतो. त्याची सावली भिंतीवर त्याच्याहून मोठी होऊन धावते. उभ्या असलेल्या एका उघड्या मोटारीच्या मागच्या डिकीत तो बॉम्ब ठेवतो आणि अंधारात नाहीसा होतो. त्याचा चेहरा आपल्याला ओळखता येईल असा कुठेही दिसत नाही.

जोडपे येऊन मोटारीत बसते. पुरुष म्हणजे लिनेकर हा गावातील धनाढ्य अमेरिकन, आणि बाई झिटा ही क्लबात नाचणारी. मोटार सुरू होते आणि येथे कॅमेरा क्रेनवरून वर उचलला जातो. मोटार एका इमारतीमागे जाऊन दिसेनाशी होते. कॅमेरा छपरावरून सरकत पलीकडे जातो आणि मोटार पुन्हा रस्त्यावर येताना गाठतो. चौकात पोलीस तिला थांबवतो, हातगाडीवाले आडवे जातात. मोटार पुढे येते, पुन्हा थांबते. तिच्यासमोरून एक नवविवाहित जोडपे चालत जाते. हा वार्गास, मेक्सिकोचा बडा पोलीस अधिकारी, आणि ही त्याची अमेरिकन पत्नी सूझन. आता कॅमेरा खाली उतरून या दोघांबरोबर चालू लागतो. मोटार कधी त्यांच्या मागे पडते, कधी शेजारी येते. एके ठिकाणी शेळ्यांचा कळप रस्ता अडवतो आणि मोटार त्यात अडकते. अखेर मोटार आणि हे दांपत्य एकाच वेळी सीमेवरच्या नाक्याशी पोहोचतात. नाक्यावरचा शिपाई वार्गासला ओळखतो, त्याच्या कामगिरीबद्दल कौतुकाने बोलतो. मोटारीतली झिटा सांगू पाहते की तिच्या डोक्यात टिकटिक ऐकू येते आहे. तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. मोटार सुटते आणि चौकटीबाहेर जाते. वार्गास आणि सूझन चुंबनासाठी जवळ येतात, आणि स्फोट होतो. तेव्हा कुठे दृश्य पहिल्यांदा तुटते आणि जळती मोटार दिसते.

हे सारे तीन मिनिटांहून थोड्या अधिक वेळात, एकाही ठिकाणी न तोडता घेतलेले आहे. छायालेखक रसेल मेटी. चित्रण मेक्सिकोत झालेले नाही, कॅलिफोर्नियातील व्हेनिस या त्या वेळी उतरती कळा लागलेल्या वस्तीत झाले.

आता प्रश्न असा की यात तणाव कशाने तयार होतो? पाठलाग नाही, मारामारी नाही, किंकाळीदेखील नाही. रस्त्यावरची रहदारी आहे, बस्स.

पहिले कारण ज्ञानाच्या वाटणीचे. हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोबरोबरच्या प्रसिद्ध मुलाखतीत हा भेद समजावून दिला आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर स्फोटाने काही सेकंदांचा धक्का बसतो. माहीत असेल तर टेबलावरच्या निरर्थक गप्पांचा प्रत्येक शब्द जीव टांगणीला लावतो. वेल्सने ते टेबल मोटारीला लावून गर्दीच्या रस्त्यावर सोडून दिले. बॉम्ब स्थिर नाही, आणि पुन्हा एकदाही आपल्याला दाखवलेला नाही. साधा दिग्दर्शक मधूनमधून डिकीचे निकटदृश्य दाखवील, फिरता काटा दाखवील. वेल्स तसे करीत नाही. बॉम्बची आठवण ठेवण्याचे काम त्याने आपल्यावर टाकले आहे.

दुसरे कारण वेळेचे. दृश्य तोडले की चित्रपटातील वेळ दिग्दर्शकाच्या मुठीत जातो. तो मिनिटाची पाच मिनिटे करू शकतो आणि प्रेक्षकालाही ही लबाडी मनातून माहीत असते. दृश्य तोडलेच नाही तर पडद्यावरचा वेळ आणि आपल्या हातावरच्या घड्याळातील वेळ एकच होतो. सुरुवातीला बोटांनी जी वेळ लावली ती खरोखर सरते आहे, आणि ती लांबवणे कुणाच्याही हाती राहिलेले नाही.

तिसरे कारण अंतराचे. मोटार जवळ आली की आपण आक्रसतो, दूर गेली की सैल होतो. ती इमारतीमागे दडली की डोळे तिला शोधू लागतात. शेळ्यांनी तिला अडवले तर एरवी हसू आले असते. येथे मोटार आणि चालणारे दांपत्य यांच्यातील अंतर पुन्हा कमी होणार म्हणून पोटात गोळा येतो. रस्त्यावरचा प्रत्येक सामान्य अडथळा अशा रीतीने घड्याळाचा काटा बनतो.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. १९५८ साली प्रदर्शित झालेल्या प्रतीत या दृश्यावर श्रेयनामावली छापलेली होती आणि हेन्री मॅन्सिनीचे संगीत सलग वाजत होते. चित्रपट वेल्सच्या हातून काढून निर्मितिसंस्थेने परस्पर बदलला होता. वेल्सने १९५७च्या डिसेंबरात ५८ पानांचे टिपण लिहून आपले म्हणणे कळवले, ते त्या वेळी बहुतांशी डावलले गेले. पुढे १९९८ साली, वेल्सच्या मृत्यूला तेरा वर्षे झाल्यावर, वॉल्टर मर्च या संकलकाने त्या टिपणाच्या आधारे चित्रपट पुन्हा जुळवला. त्या प्रतीत अक्षरे नाहीत आणि सलग पार्श्वसंगीतही नाही. क्लबांतून, दुकानांतून आणि मोटारीच्या रेडिओतून येणारे संगीत एकात एक मिसळते. मोटार दिसत नसते तेव्हा तिचा रेडिओ ती कुठे आहे ते सांगतो. निर्मात्याच्या प्रतीत संगीत आपल्याला 'आता घाबरा' म्हणून सांगते. वेल्सच्या कल्पनेतील प्रतीत आपण कान देऊन धोका हुडकतो. पहिल्या प्रकारात प्रेक्षक हाकला जातो, दुसऱ्यात तो जागा राहतो.

इथवरची चर्चा कोणत्याही फिल्म सोसायटीत होऊ शकेल. आता ती आपल्या जागेवरून पुढे नेतो.

लहानपणी मी चित्रपट पाहिले ते जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर बसून. माझी आई शेतमजुरी करणारी, अक्षरओळख नसलेली. पडद्यावर खलनायक नायिकेच्या मागून येऊ लागला की ती मोठ्याने ओरडायची, "अगं बाई, मागं बघ की!" तिच्यासारख्या आणखी दहाजणी ओरडायच्या. पुढे मी शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो, आणि शिकलेल्या मित्रांत बसून अशा प्रेक्षकांना हसायलाही शिकलो. आज त्या हसण्याची लाज वाटते. तंबूतील त्या बायका तणावाचे मर्म अचूक ओळखत होत्या. आपल्याला कळते आहे, ज्याला कळायला हवे त्याला कळत नाही, आणि आपला आवाज तिथवर पोहोचत नाही. तणाव म्हणजे दुसरे काय? सभ्य प्रेक्षक ही हाक गिळतो, एवढाच फरक.

वेल्सच्या दृश्याचे मोठेपण असे की ही न पोहोचणारी हाक त्याने पडद्याच्या आतही ठेवली आहे. झिटा सांगते की टिकटिक ऐकू येते. ती खोटे बोलत नाही, तिला भासही झालेला नाही. ती ज्या गाडीत बसली आहे त्याच गाडीत मृत्यू मोजला जातो आहे आणि तो ऐकू आलेली ती एकटीच. परंतु ती क्लबात नाचणारी, धनिकाच्या बाजूला बसलेली बाई. तिचे बोलणे ऐकण्याची शिपायाला गरज वाटत नाही, शेजारच्या पुरुषालाही नाही. धोक्याच्या सर्वांत जवळ असलेल्या माणसाला तो सर्वांत आधी ऐकू येतो, आणि त्याचेच सांगणे सर्वांत कमी विश्वासार्ह ठरते. चळवळीत काम करणाऱ्या वाचकाला हे वाक्य अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. वस्तीवर काही घडणार असल्याची कुजबुज आधी वस्तीतच असते. तक्रार घेऊन गेलेल्याला 'तुमच्या डोक्यात काहीतरी भरले आहे' असे सांगून परत पाठवल्याचे प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत.

आता दुसरी बाजू. गेल्या वर्षी मी हे दृश्य तृतीय वर्षाच्या वर्गाला दाखवले. मी मराठी शिकवतो, चित्रपट हा माझा विषय नव्हे. दृश्य संपल्यावर विचारले, "कुणाची काळजी वाटली?" बहुतेकांनी वार्गास आणि सूझनचे नाव घेतले. एका मुलीने झिटाचे घेतले. मी विचारले, "आणि हातगाडीवाल्यांची?" वर्ग गप्प झाला. त्या वर्गातील निदान दोघांचे वडील हातगाडीवर धंदा करतात. खरे सांगायचे तर पहिल्यांदा पाहताना माझ्याही मनात हातगाडीवाले आले नव्हते.

ते तर पडद्यावर होते. बॉम्ब ठेवलेली मोटार त्यांच्या अगदी पुढ्यात थांबली होती. शेळ्या हाकणारे, रस्ता ओलांडणारे, दुकानाच्या दारात उभे असलेले, सारे मेक्सिकन लोक स्फोटाच्या टप्प्यात होते. तरी आपल्याला ते माणसे म्हणून दिसले नाहीत, अडथळे म्हणून दिसले. ते मोटार अडवतात, वेळ खातात, ज्यांची काळजी करायची त्यांच्यापासून धोका दूर किंवा जवळ करतात. कॅमेरा क्रेनवरून खाली उतरला तो ज्या दोघांच्या पातळीवर उतरला, त्यांच्यासाठी आपला श्वास अडकला. इतरांना तो वरून पाहत होता. भीतीचे वाटप होते ते असे. कारागिरी जितकी उत्तम, तितके हे वाटप ध्यानात येत नाही.

याचा अर्थ वेल्स वर्णद्वेष्टा होता असा नव्हे. हा चित्रपट तर वंशद्वेषी पोलीस अधिकाऱ्याविरुद्ध आहे. पण हेतू एका बाजूला आणि कॅमेऱ्याची सवय दुसऱ्या बाजूला असू शकते. मेक्सिकन नायकाची भूमिका चार्लटन हेस्टन या गोऱ्या नटाने चेहरा सावळा रंगवून केली आहे, हे त्या सवयीचेच दुसरे रूप. अन्यायाविरुद्ध उभा राहणारा सावळा माणूस दाखवायचा, पण सावळ्या माणसाला ती भूमिका द्यायची नाही, ही रीत आपल्याही चित्रसृष्टीला चांगली परिचित आहे.

असे असूनही हे दृश्य मला का महत्त्वाचे वाटते? त्याचे कारण चित्रपटात पुढे सापडते.

स्फोटाचा तपास हँक क्विनलन या अमेरिकन अधिकाऱ्याकडे येतो. ही भूमिका स्वतः वेल्सने केली आहे. क्विनलनला पुरावा लागत नाही, त्याला 'आतून' कळते. त्याचा संशय मानोलो सँचेझ या मेक्सिकन तरुणावर जातो. हा जोड्यांच्या दुकानात काम करणारा, आणि लिनेकरच्या मुलीशी त्याचे जुळलेले. वरच्या माणसाच्या मुलीशी जुळलेला खालचा पोरगा, एवढे पुरे होते. सँचेझच्या घरात पोलीस झडती घेतात. झडती चालू असताना वार्गास न्हाणीघरात जातो, तेथे जोड्यांचे एक रिकामे खोके त्याच्या हातून पडते. खोके रिकामे असल्याचे आपणही पाहतो. थोड्या वेळाने त्याच खोक्यात डायनामाइटच्या कांड्या 'सापडतात'.

चित्रपटात अशा रीतीने दोन वस्तू ठेवल्या जातात, बॉम्ब आणि पुरावा. पहिली वस्तू ठेवताना आपण पाहतो, पण ठेवणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. दुसरी वस्तू ठेवताना आपण पाहत नाही, पण कुणी ठेवली ते कळते. पहिल्या दृश्याने आपल्याला साक्षीदार केले होते, आणि तेही अपुरा साक्षीदार. हात पाहिले, सावली पाहिली, चेहरा नाही. न दिसलेल्या त्या चेहऱ्याच्या जागी क्विनलन हाताशी असलेला चेहरा बसवतो, आणि तो मेक्सिकन असतो. हे दृश्य कुशल आहे त्याहून अधिक प्रामाणिक आहे असे मी म्हणतो ते यासाठी. त्याने आपल्याला सारे दाखवल्याचा आव आणून एक गोष्ट मोकळी सोडली. ती मोकळी जागा आपण कशाने भरतो, ही खरी परीक्षा आहे.

आपल्या देशात ही जागा कायद्याने भरून ठेवलेली होती. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जायचे, ही पोलिसी सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ज्यांनी वाचले आहे त्यांना क्विनलनची 'आतून कळण्याची' शक्ती नवी वाटणार नाही. तिकडे चेहरा शोधला जातो, इकडे यादी तयारच होती.

चित्रपटाच्या शेवटी एक बातमी येते: सँचेझने गुन्हा कबूल केला. अनेक समीक्षकांना यात गंमत वाटते. क्विनलनचा पुरावा खोटा, पण अंदाज खरा! मला या ठिकाणी वेल्सशी भांडावेसे वाटते. कबुली आपण पाहिली नाही. ती केवळ कळवली जाते. कोठडीत, कोणत्या अवस्थेत, कुणासमोर ती दिली, हे चित्रपट विचारत नाही. ज्याने तीन मिनिटे क्षणभरही नजर हलवली नाही त्या दिग्दर्शकाने इथे एका वाक्यावर काम भागवले. आपल्या राज्यघटनेच्या २०व्या कलमाचे तिसरे उपकलम आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करू देत नाही. ते तेथे का आहे, हे कोठडी पाहिलेल्यांना ठाऊक आहे. आणि कबुली खरी मानली तरी खोक्यातील कांड्या खोट्याच राहतात. गुन्हेगार खरा निघाला म्हणून खोटा पुरावा खरा होत नाही. हे तत्त्व सोडले की उद्या कुणाच्याही घरातील रिकामे खोके भरलेले सापडेल.

मग आपल्या तरुण लेखकांनी, कॅमेरा हाती घेऊ लागलेल्या मित्रांनी या दृश्यातून काय घ्यावे? शैलीची नक्कल नको. तीन मिनिटे न तोडता चित्रण करणे हे आज पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. घ्यायचे आहे ते त्याच्या मुळाशी असलेले भान. कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला माहीत नाही, यावर तणाव उभा राहतो. तेव्हा लिहिण्याआधी हा हिशोब मांडावा. कॅमेरा कुणाच्या पातळीवर उतरतो आणि कुणाला वरून पाहतो, हे ठरवूनच करावे, सवयीने होऊ देऊ नये. आणि हाच रस्ता एकदा हातगाडीवाल्याच्या जागेवरून पाहावा. त्याला बॉम्ब माहीत नाही, वार्गास माहीत नाही. एक मोठी मोटार समोर येऊन थांबली आहे, पोलिसाने हात केला आहे, आणि गाडी ओढून पलीकडे न्यायची आहे, एवढेच तो जाणतो. त्याच्या बाजूने ही तीन मिनिटे दाखवणारा चित्रपट मी अजून पाहिलेला नाही.

माझी आई त्या जत्रेच्या तंबूत नायिकेसाठी ओरडत होती. पडद्यावर तिच्यासारखी बाई रस्ता ओलांडताना दिसली असती तर ती तिच्यासाठीही ओरडली असती, याबद्दल मला शंका नाही. परंतु तशी बाई कॅमेऱ्याने तिच्यापुढे कधी पुरेशी जवळ आणली नाही.